बेटाचा स्वतंत्र बेत

रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर आहे. समुद्राने कितीही मनावर घेतलं तरी तो इथवर येणार नाही. जायचं ते आपल्यालाच.

*

आवळासुपारीने मळमळ थांबते. इंदूवहिनींची थांबते. कुमुदची सुरू होते.

*

वऱ्हाडात बेट म्हटलं की बांबूचं. ते शेताच्या धुऱ्यावर असतं, त्यात साप असतात आणि तिथे कोणी सहलीला जात नाही.

*

ज्या तलावात मासळीचं बी सोडलं आहे, त्यात डोंगा घालू नये. घातलाच तर कोणाला आपलं व्हिजिटिंग कार्ड देऊ नये.

*

पोलीस ठाण्यातल्या मुन्शीने मला विचारलं होतं, "समुद्र से आपका क्या संबंध है?" याचं बरोबर उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

*

हे सगळं एकाच प्रवासाचं सामान आहे. बॅगेत भरताना ते असंच वरखाली झालं होतं. आता एकेक काढून दाखवतो.

आम्ही नव्या रायपूरला राहतो. 'नवं' हा शब्द इथे फार मनापासून वापरतात. रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडून चाललेल्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी की फोन करावा, हे ठरेपर्यंत तो दिसेनासा होतो. बस येते, असं ऐकून आहे. संध्याकाळी सगळे साहेबलोक मोटारीत बसून जुन्या रायपूरला परत जातात आणि सेक्टरमध्ये उरतो आम्ही, दिव्यांचे खांब आणि दुभाजकावरचं गवत खायला आलेल्या गाई. मी अमरावतीहून बदलीवर इथल्या एका संस्थेच्या लेखा विभागात आलो; बायको कुमुद बरोबर आली. आमच्या कार्यालयात इंग्रजीत लिहितात आणि हिंदीत बोलतात. मराठीत गप्प बसणारा मी एकटाच.

शेजारच्या घरात सुधाकरभाऊ. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले. वडीलही रेल्वेतच, नागपूरकडून आलेले; त्यामुळे सुधाकरभाऊंचा सारा जन्म जुन्या रायपूरच्या गुढियारीत गेला. शाळा हिंदीतून झाली, मराठी आईकडून मिळाली. इंदूवहिनी भिलाईच्या. त्यांना मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी सुधाकरभाऊ चहाचा थर्मास घेऊन कुंपणाशी उभे राहिले.

"भाऊ, आई गेल्यापासून मराठी माह्या तोंडात तशीच पडून होती," ते म्हणाले. "तुमी आले, बरं झालं. आता निघन थोडी थोडी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती निघत होती. माझ्या कानाला ती टोचायची, हेही खरं. 'मी नहाऊन राहिलो होतो.' 'साहेबानं मना केलं.' 'गाडी छूटून गेली.' मी सुधारत असे. ते "हव, हव, बरोबर," म्हणत, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा गाडी छूटत असे.

दिवाळीनंतर ते दोघं कायमचे बंगळुरूला मुलाकडे जाणार होते. घराला गिऱ्हाईकही ठरलं होतं. त्याआधी चौघांनी कुठेतरी जायचं, ही कल्पना त्यांची.

"अख्खी नोकरी रुळावर गेली, भाऊ. रूळ समुद्रापाशी खतम होते. त्याच्या पुढं काय हाय, ते एकडाव पाहून घेऊ म्हणतो. तुमच्यासंगं."

हा निरोपाचा प्रवास होता. पण तो शब्द कोणी काढत नव्हतं. या राजधानीत संध्याकाळी माझ्याशी बोलणारा एक माणूस होता आणि तो चालला होता. ते दुःख मांडायला मला जमलं नाही. मी नियोजन मांडलं.

कोजागिरीनंतर कोचीहून निघणारं एक जहाज मी शोधून काढलं. ते एका लहानशा बेटासमोर सकाळी नांगर टाकतं, लोकांना होड्यांतून बेटावर सोडतं आणि संध्याकाळी गोळा करतं. कंपनीचं बेटदर्शन घेतलं तर परवान्यापासून जेवणापर्यंत सगळं तेच बघतात. आपण गळ्यात पट्टा अडकवायचा आणि झेंडा धरलेल्या मुलामागे चालायचं. झेंड्यामागेच चालायचं असतं तर मी केव्हाच एखाद्या पक्षात गेलो असतो. आपण स्वतंत्र जायचं, असं मी जाहीर केलं. आपली होडी, आपला रस्ता, आपलं जेवण.

"पण कंपनीवाले सगळं करून देऊन राहिले, तर काहून डोक्याले ताप?" सुधाकरभाऊंनी विचारलं.

"सुधाकरभाऊ, प्रवास आणि वाहतूक यांत फरक आहे."

"हव," ते म्हणाले. त्यांनी आयुष्यभर वाहतूकच केली होती, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

कामाला शिस्त यावी म्हणून मी सहल समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिवही मीच, कारण इतिवृत्त शुद्ध मराठीत व्हायला हवं होतं. बाकीचे तिघं सदस्य. दर रविवारी आमच्या ओसरीत सभा. पहिल्याच सभेत कुमुदने विचारलं, "चहा कोण करन?" हा विषय आयत्या वेळचा असल्याने अध्यक्षांनी पुढे ढकलला. त्यामुळे चहा झाला नाही.

बातमी सेक्टरभर गेली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या घरातला गौतम मूळचा वर्ध्याचा. मी मराठीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं. "अंकल, पैकेज ले लो. इस उमर में रिस्क नहीं लेने का." त्याची बायको शर्मिष्ठा म्हणाली, टापूवर नेटवर्क नसतं, तिच्या मावशीचा फोन लागेना तेव्हा इकडे लोक सांत्वनाला येऊन बसले होते. 'टापू' मराठीत प्रदेशाला म्हणतात, बेटाला नाही, हे मी तिला उदाहरणासह समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "अंकल नाराज हैं क्या?"

कुमुद आणि इंदूवहिनी जहाजावर घालायचे कपडे घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात गेल्या. दुकानदार म्हणाला, "जहाज में जाना है? तो भाभीजी, दो घंटे की बात है, कुछ भी पहन लो." त्याच्या हिशेबी जहाज एकच आणि ते विमानतळावरून उडतं. दोघींनी त्याला पाण्यातलं जहाज समजावून सांगितलं. तेव्हा त्याने रेनकोटचं कापड काढून दाखवलं.

कार्यालयात मी मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज केला. बाबूने तो वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला.

"साहब, इसमें जगह का नाम लिखना पड़ता है."

"लिखा तो है."

"ये जगह थोड़ी है. ये तो पानी है."

रजेच्या काळातला पत्ता या रकान्यात मी 'अरबी समुद्र' लिहिलं होतं, कारण ते खरं होतं. फाईल विधी शाखेत गेली, तिथून आस्थापनेत गेली आणि परत आली तेव्हा तिच्यावर शेरा होता: 'सड़क मार्ग की संभावना पर विचार किया जाए.' मी विचार केला. तसं लेखी कळवलं. रजा मंजूर झाली.

आता तालमीचं.

मोठ्या जहाजातून लहान होडीत उतरणं हा या प्रवासातला सगळ्यांत नाजूक क्षण, असं मी वाचलं होतं. आमच्या सेक्टरमागे एक गाव आहे. राजधानी त्याच्या चारी बाजूंनी आली, गाव मधेच राहिलं. गावाला तलाव आहे, तलावात एक उंचवटा, उंचवट्यावर एक बाभूळ आणि एक शेळी. शेळी तिथे कशी पोचली, कोणाला माहीत नव्हतं. स्वतंत्र गेली असावी.

काठाला एक डोंगा बांधलेला होता. मालक दिसेना.

"गावात पुसून घेऊ ना," सुधाकरभाऊ म्हणाले. "मी जाऊन येतो."

"बेटावर गेल्यावर आपण कोणाकोणाला विचारत बसणार आहोत?" मी म्हणालो. "स्वतंत्र म्हणजे स्वतंत्र."

मी सगळ्यांना काठावरच्या मोठ्या दगडाला जहाज समजायला सांगितलं. सुधाकरभाऊ डोंग्यात उतरले. कुमुदने एक पाय डोंग्यात टाकला, दुसरा जहाजावर ठेवला, आणि डोंगा निघाला.

"अहो, धरा नं मले! काय पाहून राहिले?"

मी सूचना वाचत होतो, हात मोकळे नव्हते. सुधाकरभाऊंनी तिला काठाकडे ढकललं आणि त्या ढकलण्याने स्वतः कमरेइतक्या चिखलात उतरले. रिकामा डोंगा पुढे जाऊन जाळ्यात शिरला. जाळं टरकन फाटलं. पाण्यात एकदम चंदेरी गडबड झाली आणि मग काहीच नाही. शेळी बघत होती.

माणसं धावत आली. सुधाकरभाऊ चिखलातूनच छत्तीसगढीत काहीतरी बोलले. दोघंतिघं हसले, एकाने त्यांना हात दिला. प्रकरण तिथेच संपत होतं. पण असं निघून जाणं माझ्या पदाला शोभेना. मी पुढे झालो, गावच्या मछुआ समितीच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, अध्यक्षांना माझं कार्ड दिलं आणि म्हणालो, "जो भी नुकसान हुआ हो, हमें सूचित कीजिए."

त्यांनी सूचित केलं. ठाण्याला.

(इथे एक परिच्छेद होता. त्यात माझं कसं बरोबर होतं ते सांगितलं होतं. काढला.)

हे आम्हाला कळलं ते प्रमाणपत्राच्या वेळी. कंपनीबरोबर जाणाऱ्यांचा बेटाचा परवाना कंपनी काढते. स्वतंत्र जाणाऱ्याने आपल्या ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र आणायचं, मगच परवाना. चौघं ठाण्यात गेलो. मुन्शीला आम्ही आवडलो. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे पूर्वी आलं नव्हतं.

"द्वीप में किससे मिलना है?"

"किसी से नहीं."

"कोई मंदिर-वंदिर है?"

"नहीं."

"तो जा क्यों रहे हो? समुद्र से आपका क्या संबंध है?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात त्याने संगणकात माझं नाव घातलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. "आपके नाम पे तो शिकायत है. बिना पूछे डोंगा खोला, जाल फाड़ा, मछली भगाई." बाकीच्या तिघांची चारित्र्यं जागेवर निघाली. कार्ड फक्त माझं होतं. "ये निपटा के आओ," मुन्शी म्हणाला, "फिर बनेगा."

मी घरी येऊन अंथरुणावर पडलो. मी लेखा विभागातला माणूस. माझ्याविरुद्ध आजवर फक्त लेखापरीक्षकांनी लिहिलं होतं, आणि तेही पेन्सिलीने.

सुधाकरभाऊ मला काही न सांगता सायकल काढून गावात गेले. बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा शर्टावर चहाचे डाग होते आणि चेहरा उजळलेला. मी कुंपणाशीच होतो. पुढचं संभाषण मी शब्दन् शब्द देतो, कारण सगळं त्यातच आहे.

"भाऊ, जमून गेलं. समितीवाले तयार आहेत. तुमी फक्त राजीनामा देऊन टाका."

"मी?"

"हव, तुमीच. बाकी कोणाचं नाव नाही नं त्याच्यात."

"समितीला माझा राजीनामा हवा आहे?"

"हव. पयले तर मानूनच नाही राहिले होते. मंग मीच म्हटलं त्यायले, राजीनामा होऊन जाऊ द्या, कायले वाढवता? थानेदारही राजी आहे."

"तुम्ही म्हणालात."

"मंग! मीच नाही म्हणीन तर कोण म्हणीन?" ते हसत होते. "दोन ओळी लिखा आणि सही ठोका. काम खतम. मंग चाललो आपण बेटावर."

समिती म्हटलं की मला एकच समिती माहीत होती. मी स्थापन केलेली. ते तिघं माझ्या पाठीमागे एकत्र बसले होते, माझ्या अध्यक्षपदाचा निकाल लावला होता आणि त्याची खबर ठाणेदारालाही दिली होती. मी घरात गेलो. कुमुद शंकरपाळ्यांचं पीठ मळत होती.

"तूही सामील आहेस?" मी विचारलं.

"कायच्यात?"

मला ते नाटक वाटलं. हिंदीत कोणी 'राजीनामा' म्हटलं असतं तर मी अर्थ विचारला असता. परक्या भाषेत माणूस सावध असतो. सुधाकरभाऊ मराठीत बोलत होते.

मी लिहायला बसलो. त्यांनी दोन ओळी सांगितल्या होत्या. माझ्या दोन पानांत मावल्या नाहीत. तालमीतली बेशिस्त, सभेतलं चहाचं राजकारण, सगळं आलं. आणि शेवटाकडे एक वाक्य आलं: 'ज्यांच्या जिभेवर मराठी हिंदीच्या काठीवाचून दोन पावलं चालू शकत नाही, त्यांनी मला स्वतंत्र प्रवासातून बाजूला व्हायला सांगावं, हा काळाचा विनोद आहे.' हे वाक्य मला फार आवडलं. मी ते मोठ्याने वाचून पाहिलं. 'काठी'च्या जागी आधी 'कुबडी' होतं. काठी अधिक सभ्य वाटली.

मूळ प्रत सुधाकरभाऊंच्या पत्रपेटीत टाकली. ठाणेदार राजी आहे म्हटल्यावर एक प्रत ठाण्यातही नेऊन दिली.

मुन्शीने दोन्ही पानं उलटसुलट पाहिली. "ये तो मराठी में है. इसमें मछली कहाँ है?"

"मछली का प्रश्न ही नहीं है," मी ताठ मानेने म्हणालो.

"पर समितीवाले तो आपका रस्ता देख रहे हैं. अध्यक्ष खुद बैठा था सुबह."

यावर मी काय समजलो असेन? मी समजलो, मुन्शी माझी चेष्टा करतोय. निघून आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणाशी थर्मास आला नाही. इंदूवहिनी अंगणात दिसल्या नाहीत. कुमुद विचारून विचारून थकली. "काय लिहिलं तुमी त्यायले? सांगा नं! इंदू माह्याशी बोलून राहिली, पण खाली पाहून बोलते." मी सांगितलं नाही. गौतमने मात्र येऊन सांगितलं की सुधाकर अंकलनी कंपनीचं पॅकेज घेतलं. "मैंने बोला था ना, अंकल." मी माझ्याकडून आणखी पडतं घेण्यासारखं काही शिल्लक आहे का, ते पाहिलं. नव्हतं. माझं प्रमाणपत्र निघालं नाही.

तिकिटं परत होण्यासारखी नव्हती. रायपूरहून एर्नाकुलमच्या गाडीत आमचे चार बर्थ एकाच खणात होते, कारण ती आरक्षणं समितीच्या सोन्याच्या दिवसांत झाली होती. सुधाकरभाऊ खिडकीशी बसले. एरवी या माणसाने प्रत्येक सिग्नलची ओळख करून दिली असती. कोणत्या स्टेशनावर वडा घ्यावा, कुठे घेऊ नये, कोणत्या वळणावर शेवटच्या डब्यातून इंजिन दिसतं. मधे एकदा एक लांब पूल आला. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"दीदी, अचार लोगी?" इंदूवहिनींनी कुमुदला विचारलं.

"दे," कुमुद म्हणाली. त्या खणात झालेलं हे सगळ्यांत मोठं भाषण.

जहाजाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. लिफ्ट होती. रात्रीच्या जेवणात इडली होती. कुमुदची मळमळ आवळासुपारीने सुरू झाली ती लिंबाने थांबली. समुद्र जसा असतो तसा होता, फक्त थांबत नव्हता. ज्याच्याबरोबर तो पाहायचा ठरला होता तो माणूस त्याच मजल्यावर, पलीकडच्या बाजूच्या खोलीत होता, आणि मला तोच समुद्र उजव्या बाजूने पाहावा लागत होता.

बेट आलं तेव्हा ऊन कोवळं होतं. हिरवी रेघ, तिच्याखाली पांढरी रेघ, तिच्याखाली असं पाणी की कुमुद कठड्याला धरून उभीच राहिली. खाली कंपनीच्या होड्या लागल्या. लोक एकेक करून उतरत होते. तालमीतल्यासारखं काही झालं नाही. खलाशी दोन्ही हातांनी धरत होते. सुधाकरभाऊ उतरले. गळ्यात पट्टा होता. इंदूवहिनी उतरल्या आणि त्यांनी वर बघितलं.

कुमुदचं प्रमाणपत्र झालेलं होतं, परवानाही होता. ती जाऊ शकत होती.

"तू जा," मी म्हणालो.

"तुमाले इथं एकटं सोडून?" ती म्हणाली. "मंग तुमी आणखी एखादं पत्र लिहान."

होडी लहान होत गेली. झेंड्यामागे एक रांग पांढऱ्या रेघेवर चढली आणि झाडांत शिरली. आम्ही डेकवर खुर्च्या ओढून बसलो. कुमुदने शंकरपाळ्यांचा डबा उघडला. तळाशी तेल प्यायला रायपूरचं हिंदी वर्तमानपत्र घातलेलं होतं. मला छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. तेलकट डागातून एक फोटो दिसत होता. दोन मिशाळ माणसं गळ्यात हार घालून एकमेकांना पेढा भरवत होती. वर मथळा: 'बरसों पुराना झगड़ा खत्म, थाने में हुआ राजीनामा.'

मी हसलो. "हे बघ, राजीनामे दिले आणि पेढे वाटून राहिले. कोणती पदं होती यांची, देव जाणे."

कुमुदने डब्यात वाकून पाहिलं. "पदं कायची? समझोता झाला त्याईचा. इथं समझोत्याले राजीनामाच म्हणते. भाजीवालीबी म्हणते."

मी तो कागद डब्यातून काढला. शंकरपाळे सांडले. पुन्हा वाचला. 'राजी' आणि 'नामा'. राजी असल्याचा कागद. शब्द फोडून पाहिला तर त्यांचाच अर्थ सरळ होता. आम्ही मराठीवाल्यांनी कधीतरी तो उलटा करून नाराजीचा कागद केला. समितीवाले तयार आहेत. मीच म्हटलं त्यायले. कायले वाढवता? मला गावातलं अंगण दिसलं, बाजेवर बसून चहावर चहा पिणारे सुधाकरभाऊ दिसले, माझ्या वतीने हात जोडणारे.

कुमुदला सगळं सांगितलं. ते वाक्यसुद्धा. तिने सांडलेले शंकरपाळे डब्यात गोळा केले.

"एवढी मराठी येते तुमाले," ती म्हणाली, "अन् एक शब्द पुसता नाही आला?"

संध्याकाळी होड्या परतल्या तेव्हा मी शिडीच्या तोंडाशी उभा होतो. सुधाकरभाऊ वर आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चपलेत वाळू. मी हसत पुढे झालो. हसायचीच गोष्ट होती.

"सुधाकरभाऊ! अहो, तो राजीनामा! तुम्ही म्हणालात राजीनामा, आणि मला वाटलं राजीनामा!"

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत अडाणी वाक्य असेल. पण त्यांना ते कळलं.

"वो तो मैं उसी दिन समझ गया था, भाईसाहब."

भाऊ नाही. भाईसाहब.

"मग?"

"मग क्या. गलतफहमी थी. सबसे होती है." त्यांनी चपला काढून एकमेकींवर आपटल्या, वाळू झटकली. "वो दूसरी बात गलतफहमी में नहीं लिखी थी ना. वो तो सोच के लिखी थी आपने. बढ़िया लिखी थी."

ते रागाने बोलले असते तर मला उत्तर सापडलं असतं. गाडी उशिरा का आहे हे गार्ड प्रवाशाला सांगतो, तसं ते सांगत होते.

"मराठीत बोला ना, सुधाकरभाऊ," मी म्हणालो.

"आपको तकलीफ होती है," ते म्हणाले, आणि इंदूवहिनींचा हात धरून त्यांना शिडीवरून वर घेतलं.

परत आल्यावर मी एकटा गावात गेलो. मछुआ समितीच्या अध्यक्षांनी चहा दिला, मुन्शीसमोर राजीनामा झाला, पेढे मीच नेले होते. चारित्र्य मिळालं. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट शेजारी गेलं आणि त्यांच्याकडून भरून परत आलं. संध्याकाळी सुधाकरभाऊ कुंपणाशी दिसले की "नमस्ते भाईसाहब, सब बढ़िया?" म्हणत. मी "बढ़िया" म्हणे. माझी हिंदी पुष्कळ सुधारली.

त्यांचा ट्रक भरला त्या दिवशी मी मदतीला गेलो. दोन्ही टोकांनी कपाट धरून आम्ही ते रस्त्यावर आणलं. "उधर से उठाइए," "संभाल के," एवढंच. सामान बांधून झालं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, आता मराठी निघेल. ओठ हललेही.

"आते रहिएगा," ते म्हणाले.

घर घेणारे लोक दुर्गचे आहेत. चांगले आहेत. त्यांच्या कुत्र्याला मी आवडत नाही. रस्ता पूर्वीइतकाच रुंद आहे.

जाताना इंदूवहिनींनी कुमुदला सांगितलं: बेटावर उतरल्याबरोबर सुधाकरभाऊंनी चार शहाळी मागवली होती.